90 वर्षांचा पट्टा आणि मागं राहणारं माणूस

प्रश्न: माझं वय 57, यजमानांचं 66. त्यांचं हे दुसरं लग्न. पहिल्या लग्नापासूनचे दोन मुलगे मोठे आहेत, आपापल्या संसारात आहेत. उरलेले दिवस समुद्राकाठी घालवावेत म्हणून आम्ही थायलंडच्या एका बेटावर बैठं घर पसंत केलं आणि इसारही दिला. परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, म्हणून आमच्या पैशांनी घेतलेली जमीन एजंटच्या ऑफिसातल्या एका स्थानिक माणसाच्या नावावर राहील आणि तो आम्हाला 30-30-30 असा 90 वर्षांचा पट्टा करून देईल, असं ठरलं आहे. पट्टा आणि व्हिसा यजमानांच्या नावावर, मी त्यांच्यावर अवलंबून म्हणून. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात द्यायचा आहे. यजमान म्हणतात, हे जमलं नाही तर बाली किंवा मेक्सिको बघू. काय करावं?

उत्तर: ताई, दुसरा हप्ता पाठवू नका. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही पाठवलेला पट्ट्याचा मसुदा मी दोनदा वाचला. त्यात स्वयंपाकघरातल्या ओट्याची लांबीसुद्धा आहे. तुमचं नाव मात्र कुठेही नाही. तुमच्या दोघांच्या वयात 9 वर्षांचं अंतर आहे. वाईट वाटून घेऊ नका, पण वकिलाला हा हिशोब करावाच लागतो: या घरात शेवटची काही वर्षं एकटीनं काढायची वेळ आली, तर ती बहुधा तुमच्यावर येणार. म्हणून देश निवडताना मी किनाऱ्याकडे पाहत नाही, मागं राहणाऱ्या माणसाकडे पाहतो.

आधी जमिनीचं. एजंट सांगतो ते अर्धं खरं आहे. थायलंडच्या 1954 च्या जमीन संहितेनुसार परदेशी व्यक्तीला सर्वसाधारणपणे जमीन घेता येत नाही. पण त्यावर त्यानं काढलेला तोडगा, म्हणजे पैसा तुमचा आणि नाव कारकुनाचं, हा सरळसरळ बेनामी व्यवहार आहे आणि तिथं तो गुन्हा आहे. परदेशी माणसासाठी नाव वापरू देणाऱ्याला आणि त्या परदेशी माणसालाही 2 वर्षांपर्यंत कैद, 20,000 बाहतपर्यंत (बाहत हे थाई चलन) दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जमीन ठरावीक मुदतीत विकून टाकण्याचा आदेश निघतो तो वेगळाच. त्याहून टोचणारी गोष्ट नागरी संहितेच्या कलम 411 मध्ये आहे: कायद्यानं मना केलेल्या हेतूनं दिलेला पैसा परत मागता येत नाही. उद्या कारकून फिरला, तर तुम्ही कोर्टात काय सांगणार? ‘आम्ही बेनामी जमीन घेतली होती’ हेच ना? म्हणून दुसरा हप्ता थांबवायला सांगतोय. इसाराची रक्कम मोठी नसेल, तर ती गेली असं समजायचीही मनाची तयारी ठेवा.

आता 90 वर्षं. तिथल्या कायद्यात स्थावराचा भाडेपट्टा 30 वर्षांपेक्षा जास्त होत नाही. जास्त लिहिला तरी 30 वरच येतो. पुढच्या दोन तिशी म्हणजे मालकानं दिलेला शब्द. जमीन विकली गेली, तर नवा मालक त्या शब्दाला बांधील नसतो. पण गंमत बघा, तुम्हाला 90 हवेत कशाला? आज केलेला 30 वर्षांचा पट्टा संपेल तेव्हा तुम्ही 87 वर्षांच्या असाल. एजंट 90 वर्षं विकतो, कारण त्या आकड्याला किंमत जास्त येते.

पण तीस वर्षांच्या पट्ट्यातही एक खाच आहे आणि ती नेमकी तुमच्या पायाखाली आहे. तिथला भाडेपट्टा भाडेकरूच्या व्यक्तीला चिकटलेला हक्क मानला जातो. भाडेकरू वारला की पट्टा संपला, वारसाकडे आपोआप जात नाही. पट्ट्यात वारसांबद्दल स्पष्ट कलम असेल तरच गोष्ट वेगळी. तुमच्या मसुद्यात तसं कलम नाही आणि भाडेकरू एकटे यजमान आहेत. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही एकट्या पडाल, त्याच दिवशी घरावरचा हक्कही जाईल.

हे घर अजूनही हवंच असेल, तर एक सरळ वाट आहे. जमीन ज्याची खरोखर स्वतःची आहे अशा मालकाकडून, त्याला जमिनीची किंमत न देता, 30 वर्षांचा पट्टा घ्या. भाडेकरू दोघंही. एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याचा हक्क कायम राहील, असं कलम घाला. 3 वर्षांवरचा पट्टा जमीन कार्यालयात नोंदवावाच लागतो, नाहीतर पुढच्या वर्षांसाठी तो चालत नाही. सही करण्याआधी मालकीचा कागद ‘चानोत’ आहे का ते पाहा. पूर्ण मालकीचा कागद तोच. शेतजमीन सुधारणेखाली वाटलेल्या जमिनींचे कागद दिसायला तितकेच रुबाबदार असतात, पण त्यांवर असा व्यवहार बसत नाही. आणि थाई मजकूर तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या. एजंटनं ‘फुकट’ दिलेला वकील एजंटचाच असतो.

दुसरी वाट फ्लॅटची. कॉन्डोमिनियम कायद्यानुसार इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळाच्या 49 टक्क्यांपर्यंत परदेशी मालकी चालते. हा वाटा भरला नसल्याचं इमारतीच्या व्यवस्थापनाकडून लेखी घ्या. पैसे परदेशी चलनातच बाहेरून पाठवा आणि बँकेचा तसा दाखला जपून ठेवा, त्याशिवाय नोंदणी होत नाही. इथंही नावं दोघांची घाला. फ्लॅट एकट्या यजमानांच्या नावावर असला आणि तो वारसानं तुमच्याकडे आला, तर परदेशी म्हणून लागणाऱ्या अटींत तुम्ही बसत नसल्यास वर्षभरात विकावा लागतो. पहिल्यापासून निम्मा वाटा तुमचा असेल, तर किमान तेवढ्यासाठी हा जाच नाही. समुद्रापासून दोन रस्ते आत राहिलात तरी काही बिघडत नाही. वाळू तशीही सार्वजनिक मालमत्ता असते, ‘खासगी बीच’ हा जाहिरातीतला शब्द आहे.

मग वारसा. थायलंडमधल्या स्थावराला वारशाचा कायदा तिथलाच लागतो. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एका मुलाइतका वाटा मिळतो. म्हणजे यजमानांच्या मालमत्तेचे तीन सारखे भाग, त्यातला एक तुमचा. मुलं चांगली असतील, पण घर विकून वाटणी मागायला वाईट असावं लागतं असं थोडंच आहे. मृत्युपत्र केलं तर मात्र तिथं मुलांसाठी सक्तीचा राखीव हिस्सा नाही. म्हणून तिथल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र दोघांनीही करा, दोन साक्षीदारांसमोर, आणि लाभार्थी असलेल्याला साक्षीदार करू नका. मायदेशातल्या मृत्युपत्रात ‘आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ हे वाक्य आलं, तर हे नवंही त्यात वाहून जाईल, तिकडे लक्ष असू द्या.

व्हिसाचीही तीच कथा. अवलंबून म्हणून मिळालेली परवानगी मूळ व्यक्तीबरोबर संपते. निवृत्तीच्या परवानगीसाठी वय 50 लागतं, ते तुम्ही ओलांडलं आहे. मग स्वतःच्या नावानं घ्या. त्यासाठी थाई बँकेत 8 लाख बाहत किंवा महिना 65,000 बाहत उत्पन्न दाखवावं लागतं. दोघांचं मिळून दुप्पट होतं, हे खरं. पण तुमचं खातं तुमचंच राहील. यजमानांचं खातं त्यांच्या पश्चात कोर्टानं व्यवस्थापक नेमेपर्यंत गोठतं, मृत्युपत्र असलं तरीही. दर 90 दिवसांनी पत्त्याची नोंद द्यायची असते. मायदेशी फेरी मारण्याआधी परत येण्याची परवानगी काढायची, नाहीतर विमानात बसताच व्हिसा गेला. वर्षात 180 दिवस राहिलात की तिथं करदाते होता, आणि 1 जानेवारी 2024 पासून बाहेरचं उत्पन्न देशात आणलं की त्यावर कर लागू शकतो. त्याआधीच साठलेली बचत त्यातून सुटते, म्हणून आत्ताची बँकेची विवरणपत्रं जपून ठेवा.

यजमानांच्या पर्यायांपैकी बाली याच कसोटीवर मागं पडतं. इंडोनेशियात पूर्ण मालकी फक्त नागरिकांना. परदेशी माणसाला वापराचा हक्क मिळतो, पण तो वारसानं घेणाऱ्याकडेही तिथल्या वास्तव्याचे कागद लागतात. बेनामी जमीन उघड झाली, तर ती सरकारजमा होते आणि पैसे परत मिळत नाहीत. मेक्सिको मात्र मला मनापासून आवडतो. किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला थेट मालकी नाही, पण बँक विश्वस्त म्हणून घर धारण करते. मुदत 50 वर्षांची, पुढे वाढवता येणारी, आणि लाभार्थ्यामागून कोण हे त्याच दस्तात लिहून ठेवता येतं. यजमानांच्या जागी तुमचं नाव यायला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. बँकेचं वार्षिक शुल्क असतं, ते मला तरी या सोयीसाठी खुपत नाही. अडचण अंतराची आणि स्पॅनिशची, ती तुम्ही दोघांनी ठरवायची.

या आठवड्यात एजंटला ईमेल करा: स्थानिक व्यक्तीच्या नावावर आमच्या पैशांनी जमीन घेणं आम्हाला मान्य नाही, इसार परत करा किंवा खऱ्या मालकाकडून दोघांच्या नावानं नोंदणीकृत 30 वर्षांचा पट्टा द्या. फोनवर बोलू नका, लेखीच कळवा. त्याचं उत्तर आलं की मला पाठवा. आणि यजमानांना हे पत्र तुम्ही वाचून दाखवू नका, त्यांच्या हातात द्या.