लंडनच्या पोर्ट्रेट गॅलरीत विगवाल्या गोऱ्यांची तोंडं बघण्यात काय मजा आहे?

तुमचा प्रश्न असा की चार दिवस लंडनला जाताय, बायकोला नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी बघायचीय आणि तुम्हाला वाटतंय की तीनशे वर्षांपूर्वीचे पुढारी, शास्त्रज्ञ, दर्यावर्दी, सगळे एकाच दुकानातून विग घेऊन आल्यासारखे, ते बघून करायचं काय. खरं सांगू का, पहिल्यांदा गेलो तेव्हा मीपण वीस मिनिटांत बाहेर येऊन कॉफी पीत बसलो होतो.

दुसऱ्यांदा गेलो ते बाबांना घेऊन. बाबा आयुष्यभर शाळेत ड्रॉइंगचे सर, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांच्या पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्यात. एका चित्रापुढे थांबून म्हणाले, "तोंडाकडे काय बघतोस, हात बघ." त्यांचं म्हणणं असं की पोरांना माणूस काढायला सांगितला की हात पाठीमागे नाहीतर खिशात, कारण हात जमत नाहीत. आणि मोठ्या चित्रकाराचं काय होतं, की तोंड गिऱ्हाइकाला पसंत पडेल असंच करून द्यावं लागतं, पण हातांकडे गिऱ्हाईक फारसं बघत नाही, तिथे तो आपल्याला दिसलेला माणूस काढून मोकळा होतो. तर माझं उत्तर एवढंच, हात बघा.

तुमची तक्रार तशी अगदी चुकीची नाहीये. 1856 साली ही गॅलरी सुरू झाली तेव्हापासूनच धोरण असं की चित्र किती भारी यापेक्षा चित्रातला माणूस किती मोठा हे बघायचं. त्यामुळे काही चित्रं खरंच रटाळ आहेत, तिथे बिनधास्त पुढे सरका. गॉडफ्री नेलर नावाच्या चित्रकाराने किटकॅट क्लबच्या मेंबरांची एक अख्खी मालिका केलीय (चॉकलेट नव्हे, राजकारणी लोकांचा क्लब), त्यात ज्याला पहिला पंतप्रधान म्हणतात तो वॉलपोलही आहे. सगळी चित्रं 36 बाय 28 इंचांची, कारण त्या मापात डोकं, खांदे आणि एक हात बरोबर बसतो. ती बघताना मला दर वेळी जांभई येते.

याच नेलरने न्यूटनलाही काढलंय, एकापेक्षा जास्त वेळा. 1702 चं या गॅलरीत आहे, तेव्हा न्यूटन टांकसाळीचा मुख्य झालेला, डोक्यावर भलामोठा विग, एकदम साहेब. पण 1689 चं जे आहे, जे एका सरदार घराण्याकडे आहे म्हणून इथे दिसणार नाही, ते फोनवर शोधून शेजारी धरा. गुरुत्वाकर्षण मांडणारं त्याचं पुस्तक प्रिन्सिपिया छापून दोनच वर्षं झालेली, विग नाही, स्वतःचेच पिकलेले केस खांद्यावर, आणि काळ्या बाहीतून बाहेर आलेली लांब सडपातळ बोटं. त्या बोटांनी काम केलेलं कळतं. विगवाला न्यूटन मला कुठल्याही श्रीमंत माणसासारखा वाटतो, बास.

आता दर्यावर्दी कॅप्टन कुक. नॅथॅनिएल डान्सने काढलेलं त्याचं प्रसिद्ध चित्र ग्रीनिचच्या मॅरिटाइम म्युझियमचं आहे, तेही फुकट. 1776 मध्ये तिसऱ्या सफरीवर निघायच्या आधी कुक या चित्रासाठी बसला होता, ते काढायला सांगितलं होतं पहिल्या सफरीत त्याच्याबरोबर असलेल्या जोसेफ बँक्सने. अंगावर नेव्हीचा युनिफॉर्म, पुढ्यात दक्षिण समुद्राचा त्याने स्वतः केलेला नकाशा, उजव्या हाताचं बोट ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर. डाव्या हाताने नकाशाची कड नुसती चिमटीत धरलीय, जसं आपण जुना सातबारा उघडताना जपून धरतो तसं.

तर तो उजवा हात. 1764 मध्ये आताच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला असताना बंदुकीच्या दारूचं शिंग त्याच हातात फुटलं होतं आणि मोठा व्रण राहिला होता. चित्रात मी बराच वेळ शोधला, मला तरी दिसला नाही. पण 14 फेब्रुवारी 1779 ला हवाईत कुक मारला गेला आणि काही दिवसांनी तिथल्या लोकांनी त्याचे अवशेष जहाजावर परत दिले, तेव्हा त्यात मीठ भरून ठेवलेला हात होता आणि तो कुकचाच हे त्या व्रणावरून ओळखलं गेलं. हे वाचून गेलो होतो म्हणून असेल, पण नकाशावरच्या त्या बोटासमोरून माझा पाय निघेना.

याच तिसऱ्या सफरीत कुकच्या जहाजावरून एक माणूस घरी परत चालला होता, माई. हा ताहितीच्या बाजूच्या बेटावरचा, दुसऱ्या सफरीतल्या जहाजातून 1774 ला इंग्लंडात आला आणि इथल्या बड्या लोकांत वावरला. रेनल्ड्स या चित्रकाराने त्याचं पूर्ण उंचीचं चित्र केलंय, पांढरा झगा, अनवाणी, आणि हातांवर गोंदण स्पष्ट दिसतं. हे चित्र 2023 मध्ये पोर्ट्रेट गॅलरी आणि अमेरिकेतल्या गेटी म्युझियमने मिळून 5 कोटी पौंडांना घेतलं आणि आता ते दोघांकडे आलटून पालटून असतं, त्यामुळे जायच्या आधी वेबसाइटवर बघून घ्या. त्याच दालनातल्या लॉर्ड लोकांचे नाजूक गोरे हात बघून याच्याकडे आलं की फरक लगेच कळतो.

विल्बरफोर्सला तर हातच नाहीत. म्हणजे 1828 मध्ये लॉरेन्स या चित्रकाराने त्याला काढायला घेतलं आणि डोकं पूर्ण करून बाकी तसंच राहिलं, खाली जवळजवळ रिकामा कॅनव्हास. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध अख्खी हयात घालवलेला माणूस, पाठीच्या कण्याचा त्रास, मान एका बाजूला कललेली, आणि तरी चेहरा हसरा. हातांचा नियम इथे मोडतो, मोडू दे.

चर्चिलचं सांगायलाच हवं. 80 व्या वाढदिवसाला, 1954 मध्ये, पार्लमेंटने सदरलंड या चित्रकाराकडून त्याचं चित्र करून घेऊन भेट दिलं. चर्चिल खुर्चीत रेलून, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात गच्च धरलेले, उठायला जमेल की नाही असं वाटणारे. त्याने भाषणात आधुनिक कलेचा लक्षणीय नमुना म्हणून हशा मिळवला, पण मनातून चित्र जाम नावडलं, आणि पुढे घरच्यांनी ते जाळून टाकलं, बाहेर कळलं ते बायको वारल्यावर, 1978 मध्ये. आता फोटो आहेत आणि चित्रकाराने आधी केलेली स्केचेस, त्यातली काही या गॅलरीकडे आहेत.

आणि शेवटी डोरोथी हॉजकिन, 1964 चं रसायनशास्त्राचं नोबेल, पेनिसिलिन आणि बी-12 जीवनसत्त्वाची रचना शोधणारी, पुढे पंतप्रधान झालेल्या थॅचरबाई ऑक्सफर्डला तिच्याच विद्यार्थिनी. मॅगी हॅम्बलिंगने 1985 मध्ये काढलेल्या चित्रात ती टेबलाशी कामात गर्क आहे, कागदांचा पसारा, इन्शुलिनचं मॉडेल, आणि तिला चार हात आहेत. चुकून नाही, मुद्दाम. विशीतच संधिवात झालेला, बोटं वाकडी, तरी आयुष्यभर स्फटिक हाताळत बसली. हेन्री मूरने तर तिच्या नुसत्या हातांचं ड्रॉइंग केलंय, तोंडच नाही.

बाबांनी बोटाने हात मोजले, एक, दोन, तीन, चार. मग म्हणाले, "माझ्या वर्गात कुणी काढलं असतं तर मार्क कापले असते." आणि पुढचा अर्धा तास तिथल्याच बाकावर बसून राहिले, मी दोनदा हाक मारली तरी उठले नाहीत.

तिकीट नाहीये, ट्राफल्गार चौकातून नॅशनल गॅलरीला वळसा घालून मागे जा, लिफ्टने सगळ्यात वर जाऊन खाली उतरत या. कंटाळा आला तर कॉफी आहेच.