प्रश्न तुमचे : थरारपट आहे, पण संथ आहे, दाखवायचा कुणाला?

प्रश्न : चित्रपटशिक्षणाच्या शेवटच्या वर्षी आम्ही काही विद्यार्थ्यांनी मिळून ६४ मिनिटांचा एक थरारपट केला. विमा कंपनीची एक सर्व्हेअर जळालेल्या घराची पाहणी करायला जाते, आणि आग कोणी लावली हे प्रेक्षकाला दहाव्या मिनिटालाच कळते. थरारपटांच्या चाहत्यांना तो संथ वाटतो. कलात्मक चित्रपट पाहणारे ‘हा तर गुन्हेपट’ म्हणून बाजूला ठेवतात. दोन वितरकांनी ओळखीचा चेहरा नाही म्हणून पूर्ण न पाहताच नकार दिला. आता तो सरळ यूट्यूबवर टाकावा, की मिळेल त्या महोत्सवाला पाठवत सुटावे?

उत्तर : निदान आज तरी दोन्ही करू नका. चित्रपटाचे पहिले जाहीर प्रदर्शन एकदाच होते, आणि नवख्या दिग्दर्शकाच्या हाती देण्याघेण्याजोगे त्याखेरीज फारसे काही नसते. बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेसारख्या विभागांत जागतिक किंवा आंतरराष्ट्रीय पहिल्या प्रदर्शनाची अटच असते. लघुपटांच्या बाबतीत हा नियम बऱ्याच ठिकाणी सैल आहे, पण तुमचा चित्रपट लघुपट राहिलेला नाही. ऑस्करच्या नियमांनुसार ४० मिनिटांपेक्षा लांब चित्रपट पूर्ण लांबीचा ठरतो, अमेरिकेतील सनडान्स महोत्सव ५० मिनिटांपासून तसे मानतो, आणि फ्रान्समधील कान महोत्सवात चित्रपटशाळांतील कामांसाठी १९९८ पासून चालणाऱ्या ‘ला सिनेफ’ विभागाची मर्यादा ६० मिनिटांची आहे. म्हणजे तुम्ही तिच्याबाहेर अवघ्या चार मिनिटांनी पडता. ही चार मिनिटे कापावीत का, असा विचार मनात येईलच. संकलनाच्या टेबलावर ती खरोखरच जड वाटत असतील तर जरूर कापा. केवळ एका अर्जासाठी मात्र कापू नका, कारण निवड झाली नाही तर हाती अर्धवट श्वास घेणारा चित्रपट उरेल. या लांबीची धास्ती घेण्याचेही कारण नाही. ख्रिस्तोफर नोलान यांचा ‘फॉलोइंग’ हा पहिला चित्रपट असाच सुमारे ७० मिनिटांचा, कृष्णधवल, कोणत्याही ताऱ्याविना केलेला थरारपट होता. तो महोत्सवांतून फिरला, १९९९ मध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅम महोत्सवात त्याला टायगर पुरस्कार मिळाला, आणि त्याला अमेरिकेत एका लहान स्वतंत्र वितरकाने घेतले.

आता ‘कुणाला’ या मुख्य प्रश्नाकडे येतो. दोन्हीकडच्या प्रेक्षकांनी तुम्हाला नाकारले असे तुम्ही लिहिता, पण माझ्या मते त्यांनी चित्रपट नाकारलेला नसून तुम्ही त्याची करून दिलेली ओळख नाकारली आहे. तुमच्या पत्रासोबतच्या माहितीपत्रकात ‘एक भीषण आग, एक न उलगडलेले रहस्य’ असे वाक्य आहे. तुमच्या चित्रपटात रहस्यच नाही! जो प्रेक्षक ते वाक्य वाचून येईल, तो दहाव्या मिनिटाला उत्तर हाती पडल्यावर उरलेल्या चोपन्न मिनिटांचे काय करायचे या विवंचनेत बसेल, आणि मग ‘संथ’ हा शेरा ठरलेलाच. त्याऐवजी असे लिहून पाहा : ‘आग कोणी लावली हे तिला माहीत आहे, उद्या सकाळपर्यंत अहवाल द्यायचा आहे.’ ताण ‘कोणी केले’ यात नसून ‘ती लिहील का’ यात आहे, हे पहिल्याच वाक्यात कळले की तीच संथ गती प्रेक्षकाला ताणाचा भाग वाटू लागते. ट्रेलरलाही हेच लागू आहे. धडाधड कापलेल्या दृश्यांवर ढोल वाजवणारा ट्रेलर चुकीचे लोक गोळा करतो आणि योग्य लोकांना पळवून लावतो. तुमच्या चित्रपटात ती काजळलेल्या भिंतीवर बोट फिरवते आणि नंतर ते बोट रुमालाला पुसायचे की कागदाला, या विचारात थांबते. तो एकच दीर्घ शॉट मधे न कापता ठेवलात, तर त्याहून प्रामाणिक ट्रेलर होणार नाही.

एकदा ही ओळख पक्की झाली की महोत्सवांची यादी आपोआप आखूड होते. स्पेनमधील सिट्झेस (१९६८ पासून) आणि कॅनडात माँट्रियलचा फँटेशिया (१९९६ पासून) हे भय, गूढ आणि थरार यांना वाहिलेले महोत्सव आहेत. तिथले निवडकर्ते ‘गुन्हेपट’ म्हणून नाक मुरडणार नाहीत आणि वेगळ्या हाताळणीचे त्यांना कौतुकही असते. टोरांटो महोत्सवाचा ‘मिडनाइट मॅडनेस’ विभाग मात्र तुमच्यासाठी नाही, कारण मध्यरात्रीच्या खेळाला आलेला प्रेक्षक आरडाओरडा करायलाच आलेला असतो. तुमची सर्व्हेअर त्याला सहन होणार नाही. नवोदितांच्या पहिल्यावहिल्या कामांकडे लक्ष देणारा रॉटरडॅम तुमच्या स्वभावाला सर्वांत जवळचा वाटतो. आधी अशा तीन-चार ठिकाणी पाठवा, उत्तराची वाट पाहा, आणि त्यानंतरच लहान महोत्सवांकडे वळा. फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळावरून शंभर अर्ज एका बैठकीत करता येतात, आणि नेमका तोच धोका आहे : प्रत्येक अर्जाचे शुल्क वेगळे भरावे लागते, आणि बक्षिसांची खैरात करणाऱ्या नामधारी महोत्सवांची मानचिन्हे ओळीने पोस्टरवर लावून कोणताही वितरक भुलत नाही. विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत आहे का, हे महोत्सवाला साध्या पत्राने विचारायला लाजू नका.

निवडकर्त्यांना पाठवायच्या प्रतीवर पासवर्ड असू द्या आणि सुरुवातीची बोधचिन्हे व आभारांची लांबलचक यादी शेवटी न्या. एका दिवसात अनेक चित्रपट पाहणाऱ्या माणसाला पहिल्या दोन-तीन मिनिटांत त्या जळक्या घरात नेऊन उभे करणे आवश्यक आहे. उपशीर्षके ज्याने चित्रपट आधी पाहिलेला नाही अशा माणसाकडून तपासून घ्या. मोठ्या पडद्यासाठी डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात चालणारी डिजिटल प्रत, बनवाल तेव्हा ती डिजिटल किल्लीने कुलूपबंद करू नका. किल्लीची मुदत चुकल्याने खेळ रद्द होणे हे चोरीपेक्षा कितीतरी जास्त वेळा घडते. आणि ती प्रत्यक्ष चित्रपटगृहात एकदा चालवून ऐका. हेडफोनवर मिसळलेला ध्वनी सभागृहात दगा देतो, आणि तुमच्या चित्रपटातील ताण बव्हंशी शांततेवरच उभा आहे.

वितरकांचा प्रश्न महोत्सवानंतर पुन्हा उघडेल, तेव्हा सेल्स एजंट, म्हणजे चित्रपटाचे हक्क वितरकांना विकून देणारे मध्यस्थ, संपर्क करतील. त्यांचे कमिशन बहुधा १५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असते, पण कराराची खरी मेख खर्चाच्या कलमात असते : प्रसिद्धी, बाजारातील उपस्थिती वगैरे खर्च तुमच्या उत्पन्नातून आधी वळता होतो, म्हणून त्याला कमाल मर्यादा लिहून घ्या, आणि ठरलेल्या मुदतीत विक्री झाली नाही तर हक्क तुमच्याकडे परत येतील असेही लिहून घ्या. ऑनलाइन मंचांवर चित्रपट पोहोचवणाऱ्या मध्यस्थ कंपन्या आगाऊ शुल्क घेतात तेव्हा पैसे नक्की कोणाच्या खात्यात जमा होणार हे पाहा. अमेरिकेतील डिस्ट्रिबर ही अशीच कंपनी २०१९ मध्ये कोलमडली आणि अनेक स्वतंत्र निर्मात्यांचे येणे अडकले.

तोवर प्रेक्षक जमवणे तुमच्याच हाती आहे, आणि ते फिल्म सोसायट्यांपासून सुरू होते. मात्र महोत्सवांची उत्तरे येईपर्यंत तिथले खेळ निमंत्रितांपुरतेच ठेवा. नंतर जाहीर खेळ कराल तेव्हा खेळ संपल्यावर चर्चा ठेवा आणि दारातून बाहेर पडणाऱ्यांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने घ्या. ऑनलाइन प्रदर्शनाची वेळ येईल, कदाचित यूट्यूबवरच येईल, तेव्हा पहिल्या दिवशी पाहणारे हेच लोक असतील. चर्चेला एखादा विम्याचा सर्व्हेअर किंवा अग्निशमन अधिकारी बोलावलात तर सभागृहात चित्रपटवेड्यांपलीकडची माणसेही दिसतील.

प्रश्न : आमचा चित्रपट अभ्यासक्रमाचा भाग म्हणून संस्थेच्या कॅमेऱ्यावर झाला आहे, आणि शेवटच्या प्रसंगात एक प्रसिद्ध गाणे रेडिओवर वाजते. महोत्सवाच्या अर्जात हक्कांबाबत सही कोणी करायची?

उत्तर : सही करण्याआधी प्रवेशाच्या वेळी तुम्ही सही केलेली कागदपत्रे काढून वाचा. अनेक चित्रपटशाळा विद्यार्थ्यांच्या कामाचे हक्क पूर्णतः किंवा अंशतः स्वतःकडे ठेवतात. काही ठिकाणी महोत्सवांना संस्था स्वतःच पाठवते आणि विद्यार्थ्याला परस्पर पाठवण्याची मुभा नसते. तसे असेल तर लेखी परवानगी आताच मागा, कारण वितरकाशी करार करताना लेखक, कलाकार, छायाचित्रकार आणि संस्था या सर्वांचे कागद एका साखळीत मागितले जातात, आणि पदवी घेऊन पांगलेल्या मित्रांच्या सह्या वर्षभराने गोळा करणे फार जिकिरीचे होते.

गाण्याबाबत दोन स्वतंत्र परवानग्या लागतात : एक रचनेच्या मालकाची, दुसरी त्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. रेडिओवर अस्पष्ट ऐकू येते म्हणून सूट मिळत नाही. केवळ महोत्सवांपुरती परवानगी तुलनेने स्वस्तात मिळू शकते, पण पुढे ऑनलाइन प्रदर्शनाच्या वेळी तीच परवानगी अपुरी पडते. म्हणून आताच ऑनलाइनसह व्यापक हक्कांचाही दर लेखी विचारून ठेवा. तो आवाक्याबाहेर असेल किंवा उत्तरच आले नाही, तर एखाद्या सहविद्यार्थ्याकडून रेडिओसाठी नवे गाणे करून घ्या, त्याच्याशी रीतसर करार करा, आणि ही अदलाबदल डीसीपी बनवण्याआधी उरका.