फ्रेंच-स्पॅनिश कादंबऱ्यांच्या अनुवादावर घर चालतं का?

फ्रेंचची बी२ (वरच्या-मध्यम पातळीची परीक्षा) झाली, स्पॅनिश सुरू आहे, आता नोकरी सोडून पूर्णवेळ साहित्याचे अनुवाद करू का, असं तुम्ही विचारलंय.

नोकरी सोडू नका. मी १४ वर्षं हे काम करतेय आणि एकाही कादंबरीने माझं घरभाडं भरलेलं नाही. ते भरतात यंत्रांची मॅन्युअल्स आणि कंपन्यांचे करारनामे. पहिल्या पुस्तकाचे एकरकमी २२ हजार मिळाले, काम चाललं ११ महिने. भागाकार तुम्हीच करा. कोलंबियन कादंबरीकार मार्केस इंग्रजीत नेणारे ग्रेगरी रबासासुद्धा न्यूयॉर्कला कॉलेजात शिकवत होते. स्पॅनिशच्याच अनुवादक ईडिथ ग्रॉसमन यांनी शिकवणं सोडलं ते पन्नाशी उलटल्यावर. आणि हे दोघं इंग्रजीत अनुवाद करत होते, मराठीत नव्हे!

माझी सगळ्यात महागडी चूक अनुवादाच्या हक्कांची. एका फ्रेंच कादंबरीच्या प्रेमात पडून १४० पानं करून ठेवली आणि मग तिकडच्या प्रकाशकाला मेल टाकला. सहा महिन्यांनी उत्तर आलं, मराठीचे हक्क आधीच दिलेत. ती पानं अजून कपाटात आहेत. हक्क बहुतेक वेळा प्रकाशकच घेतो, त्यामुळे २० पानांचा नमुना करून आधी मराठी प्रकाशक गाठा. फ्रेंच पुस्तकांसाठी टागोर नावाची फ्रेंच सरकारी योजना आहे, पण तीही मदत प्रकाशकाला देते. सराव करायचा तर एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच कथाकार मोपासाँ घ्या, परवानगीची भानगड नाही. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. फ्रेंच कादंबरीकार काम्यू १९६० मध्ये गेले, म्हणजे भारतात २०२१पासून तेही मोकळे.

भाषेचं म्हणाल तर फ्रेंच-स्पॅनिश परीक्षा देऊन सुधारते. अडतं ते मराठीपाशी. फ्रेंच-स्पॅनिशसारखे तू आणि तुम्ही आपल्याकडेही आहेत, त्यामुळे एकाच ‘यू’वर भागवावं लागणाऱ्या इंग्रजी अनुवादकांची ती डोकेदुखी आपल्याला नाही. पण स्पॅनिशमधला ‘सोब्रेमेसा’ घ्या. जेवणं झाल्यावर टेबलाशीच गप्पा मारत बसणं, एवढं सगळं त्या एका शब्दात. मी झोकात लिहिलं, ‘हात वाळेपर्यंत गप्पा रंगल्या’. स्वतःवरच खूश! रात्री आठवलं, ही मंडळी काट्या-चमच्याने जेवताहेत, यांचे हात कशाला वाळतील? खोडलं. ‘गप्पांचा फड’ करून पाहिला, तर माद्रिदच्या घरात एकदम तमाशाचा तंबू उभा राहिला. शेवटी ‘जेवणं झाली तरी तासभर टेबलावरून कुणी हललं नाही’ असं ठेवलं. दोन दिवस गेले त्यात, आणि गप्पा राहिल्याच की, असं अजूनही वाटतं.