रसवंतीतल्या चिपाडांपासूनच त्या वापरून फेकायच्या ताटल्या बनवतात का? साखर कारखान्यात आणखी काय काय उरतं?

ताटल्या उसाच्या चिपाडाच्याच, पण कोपऱ्यावरच्या रसवंतीतल्या नव्हेत. ती चिपाडं दुपारपर्यंत आंबतात, माश्या बसतात आणि बहुतेक वेळा कचऱ्याच्या गाडीत जातात. दादरला आमचं पत्रावळी-द्रोणांचं दुकान आहे. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर या ताटल्यांना गिऱ्हाईक वाढलं. हा माल कारखान्याच्या भुशाचा, म्हणजे बगॅसचा. त्याचा लगदा करून गरम साच्यात दाबतात. वरण-भाताला उत्तम, तर्रीदार मिसळ बराच वेळ राहिली तर खाली तेलाचा डाग उमटू शकतो. अजिबात डाग पडत नसेल तर तेल अडवायला काय घातलंय, ते जरूर विचारा.

पण ताटल्या म्हणजे भुशाचा अगदी किरकोळ वापर. १०० टन ऊस गाळला की साधारण ३० टन ओला भुसा निघतो. तो मुख्यतः कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जातो. त्या वाफेवर गाळप चालतं, वीज बनते आणि उरलेली वीज महावितरणसारख्या कंपन्या विकत घेतात. तमिळनाडूत पुगळूरला भुशाचा कागदही बनतो.

खरा पैसा मळीत. १०० टनांमागे चार-साडेचार टन काळा, चिकट पाक उरतो. त्यात साखर असते, पण तिचे दाणे पाडणं परवडत नाही. आंबवली की अल्कोहोल: दारूचं, सॅनिटायझरचं आणि तुम्ही पेट्रोलबरोबर टाकीत भरता त्या इथेनॉलपैकी काही. शेवटच्या, ‘सी हेवी’ मळीतून टनाला सव्वादोनशे लिटरच्या आसपास मिळतं. त्याआधीच्या टप्प्यावरच्या ‘बी हेवी’ मळीतून जास्त, कारण तिच्यात साखर मुद्दाम जास्त ठेवलेली असते. दारूमुळेच मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याची नजर असते.

‘उसाचं काहीच वाया जात नाही’ असं कोणी म्हटलं की मी आधी स्पेंटवॉशचं विचारतो. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर तपकिरी, उग्र वासाचं सांडपाणी! ओढ्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. नीट करणारे ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात. राखेत पालाश, म्हणजे खतातलं पोटॅश मिळतं. नाहीतर प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट करतात. प्रेसमड म्हणजे रस गाळताना राहिलेला गाळ, १०० टनांमागे तीन-चार टन. हल्ली त्यातून बायोगॅसही काढतात, आणि नंतर उरेल ते खत म्हणून शेतात जातं.