चुंबकाला न चिकटणारा व्हॉल्व्ह

प्रश्न : आमच्या शर्यतीच्या वर्गात इंजिनाचे व्हॉल्व्ह पोलादाचेच असावेत, टायटॅनियमचे चालणार नाहीत, असा नियम आहे. शर्यतीनंतरच्या तांत्रिक तपासणीत सिलिंडर हेड उघडून चुंबक लावला, तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी चिकटली, पण डोके चिकटले नाही. त्यावरून प्रतिस्पर्धी संघाने आक्षेप नोंदवला आहे. ही परीक्षा ग्राह्य मानावी काय?

उत्तर : आपण वर्णन केलेले लक्षण टायटॅनियमचे नसून, बहुतांशी दोन तुकडे जोडून केलेल्या साध्या पोलादी व्हॉल्व्हचे आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्याला 700 ते 800 अंश सेल्सिअसची धग सोसावी लागते, म्हणून ते सुमारे 21 टक्के क्रोमियम, 9 टक्के मँगनीज आणि 4 टक्के निकेल असलेल्या, '21-4एन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऑस्टेनिटिक पोलादाचे करतात, आणि या पोलादाला चुंबक धरत नाही. दांडीच्या टोकाला मात्र कठीणपणा लागतो, तो या पोलादात पुरेसा येत नाही. त्यामुळे दांडी कठीण होणाऱ्या, चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची घेऊन घर्षण-जोडणीने डोक्याला जोडतात. दांडी स्वच्छ पुसून तिच्यावरून चुंबक हळूहळू सरकवला, तर ओढ जिथे अचानक संपते तिथेच हा जोड असतो.

चुंबक फक्त दांडीच्या अगदी टोकाशी चिकटत असेल, तर गोष्ट वेगळी. टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर झीज टाळण्यासाठी पुष्कळदा कठीण पोलादाची टोपी बसवलेली असते, तेव्हा ती काढून मगच चुंबक लावावा. उलट, शर्यतीसाठी मिळणारे कित्येक इनटेक व्हॉल्व्हही अखंड ऑस्टेनिटिक पोलादाचे असतात आणि ते कुठेच चिकटत नाहीत. निकेलवर आधारित इन्कोनेल या मिश्रधातूचेही तसेच. म्हणजे चुंबकाने फार तर संशय घ्यावा, निकाल देऊ नये.

निकालासाठी घनता मोजावी, हे माझे स्पष्ट मत आहे. तिला महागडे उपकरण लागत नाही आणि व्हॉल्व्हला ओरखडाही उठत नाही. स्प्रिंग, ती दांडीवर धरून ठेवणारे रिटेनर व लॉक, आणि टोपी काढून, काजळी साफ करून व्हॉल्व्हचे आधी हवेत वजन करावे, मग बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा करावे, आणि बुडवताना बुडबुडे चिकटू देऊ नयेत. समजा हवेत 94 ग्रॅम आणि पाण्यात 82 ग्रॅम भरले, तर फरक 12 ग्रॅम, म्हणजे आकारमान 12 घन सेंटिमीटर आणि घनता सुमारे 7.8, अर्थात पोलाद. त्याच आकाराचा, नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूचा भरीव व्हॉल्व्ह साधारण 53 ग्रॅमच भरेल, कारण त्याची घनता 4.4 च्या आसपास असते. एवढी तफावत साध्या वजनकाट्यावरही लपत नाही.

अडचण येते ती पोकळ दांडीच्या व्हॉल्व्हची. आत पोकळी किंवा व्हॉल्व्ह थंड राहावा म्हणून भरलेले सोडियम असल्यास पोलादी व्हॉल्व्हचीही घनता कमी दिसते आणि आकडा मध्येच कुठेतरी येतो. अशा वेळी एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातूतील मूलद्रव्ये ओळखणारे हातातले उपकरण) वापरावी, पण तिचे किरण पृष्ठभागाच्या अगदी पातळ थराचीच ओळख पटवतात, हे ध्यानात ठेवावे. सोनेरी टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा असलेला पोलादी व्हॉल्व्ह तिच्यावर टायटॅनियम दाखवतो, तर क्रोमियम नायट्राइडचा मुलामा असलेला टायटॅनियमचा व्हॉल्व्ह क्रोमियम दाखवतो. म्हणून डोक्याच्या कडेला, मुलामा घासून काढलेल्या छोट्या जागेवर वाचन घ्यावे आणि घासण्यापूर्वी संघाची लेखी संमती घ्यावी. ग्राइंडरवर ठिणग्या पाहून धातू ओळखण्याची जुनी रीत आहे. टायटॅनियमच्या ठिणग्या डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या असतात खऱ्या, पण त्यात व्हॉल्व्ह कायमचा वाया जातो. सोडियमचा संशय असलेला व्हॉल्व्ह तर कापूच नये, कारण सोडियमचा पाण्याशी संबंध आला की पेट घेण्याचा धोका असतो.

आक्षेपाचा निर्णय देताना नियमाचे शब्दही तपासावेत. मनाई व्हॉल्व्हपुरतीच असेल, तर टायटॅनियमच्या रिटेनरवरून संघाला दोषी धरता येणार नाही, आणि 'पोलाद' एवढाच शब्द असेल, तर इन्कोनेलच्या व्हॉल्व्हचा वादही तुमच्याकडे येणार आहे.