अमेरिकेत मूळ जपानी भाषेतला मांगा (जपानी कॉमिक्स) कुठल्या दुकानात मिळेल?

बार्न्स अँड नोबल या अमेरिकी पुस्तकदुकानांत शोधत बसू नका. तिथे मांगाची कपाटंच्या कपाटं असतात, पण इंग्रजी अनुवादांची. मूळ जपानीसाठी किनोकुनिया हे जपानी पुस्तकदुकान गाठा: न्यूयॉर्कला ब्रायंट पार्कसमोर, सॅन फ्रान्सिस्कोत जपानटाउनमध्ये, सिएटलला उवाजिमाया या आशियाई सुपरमार्केटमध्येच. पुस्तकं बहुधा प्लॅस्टिकमध्ये बंद असतात, त्यामुळे चाळायची हौस भागत नाही. मागे छापलेली येनमधली किंमत बघून हुरळूही नका, डॉलरमध्ये बरीच जास्त पडते. म्हणून जुनी पुस्तकं चालत असतील तर आधी बुक ऑफ या दुकानात जा. मॅनहॅटनमध्ये आणि लॉस एंजेलिसच्या आसपास त्यांच्या शाखा आहेत. भाषा नुकतीच शिकत असाल तर शोनेन मांगा, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीचा मांगा घ्या, त्यात कांजीच्या (जपानीतल्या चिनी चिन्हांच्या) शेजारी बारीक अक्षरांत उच्चार दिलेला असतो.