फोटोतला काळा गोल म्हणजे कृष्णविवर नव्हे, त्याची सावली

पंचवटीतून तुम्ही विचारलंत : कृष्णविवरातून प्रकाश बाहेर पडतच नाही, मग फोटोत ती नारिंगी कडी कसली? आणि मधला काळा गोल म्हणजेच विवर का?

कडीचा प्रकाश आतून आलेलाच नाही. विवराभोवती गरगरणाऱ्या तापलेल्या वायूचा तो प्रकाश. १० एप्रिल २०१९ ला जाहीर झालेला, एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा फोटो तर १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरींवरचा आहे, नारिंगी रंग नंतर चढवलेला. कडीची एक बाजू जास्त उजळ आहे, कारण तिकडचा वायू आपल्याकडे येतोय.

दुसऱ्या प्रश्नात खरी गंमत आहे. नाशिकचा नकाशा समोर घ्या. सूर्याएवढ्या वस्तुमानाचं, स्वतःभोवती न फिरणारं कृष्णविवर रामकुंडावर ठेवलंय असं धरा. त्याचं घटना क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही परतत नाही ती हद्द, केंद्रापासून सरळ रेषेत सुमारे ३ किलोमीटरवर, मुंबई नाक्याच्या जरा पुढे येईल. साडेचार किलोमीटरवर, इंदिरानगरच्या अंगाला, प्रकाश चक्क गोल फिरू शकतो. पण ही कक्षा सुईच्या टोकावर तोललेल्या गोटीसारखी : तसूभर आत कलला की गडप, बाहेर कलला की सुटला.

आता लांबून येणारा किरण बघा. रामकुंडापासून ६ किलोमीटरवरून सरळ निघून जाईल अशा नेमाने तो निघाला, तरी वाटेत वाकत वाकत आत पडतो. सुटायचं तर नेम सुमारे ७.७ किलोमीटरच्या बाहेरचा हवा, म्हणजे जवळजवळ नाशिकरोड स्टेशनचा! त्यामुळे दूरवरून पाहणाऱ्याला काळोख नाशिकरोडच्या वेशीपर्यंत दिसतो. विवर मात्र मुंबई नाक्यापाशीच संपलेलं असतं. सावली विवराच्या अडीच पटींहून मोठी. स्वतःभोवती फिरणाऱ्या विवरासाठी आकडे बदलतात, गोष्ट तीच.

वाकलेला प्रकाश कसा दिसतो ते घरी बघता येतं. वाइनचा रिकामा ग्लास आपल्या गावात शोधावा लागत नाही. मी रात्री गच्चीवर त्याच्या तळातून रस्त्यावरचा दिवा बघितला. दिवा जरा बाजूला असताना त्याचा लांब चाप झाला, ग्लास हळूच सरकवून दिवा बरोबर मध्ये आणला तेव्हा अख्खी कडी. कृष्णविवरामागच्या ताऱ्याचं असंच होतं. विवराभोवतीच्या तापलेल्या वायूची तबकडी बाजूने पाहिली, तर तिचा मागचा, झाकला जायला हवा असा भागही विवराच्या वर उचलल्यासारखा दिसतो, तो यामुळेच.

क्षितिजाशी प्रकाश ‘थांबतो’ असं लिहिलेलं बरेचदा आढळतं, ते सोडून द्या. टॉर्च घेऊन आत पडणाऱ्याला स्वतःपाशी प्रकाशाचा वेग नेहमीचाच मिळेल, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. लांबून बघणाऱ्याला मात्र तो टॉर्च लाल होत, मंदावत जाऊन दिसेनासा होईल. क्षितिज ओलांडतानाचा क्षण त्याला कधीच दिसणार नाही.